कापसाच्या वाटेने आलेली काच

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकात उतरणाऱ्या प्रवाशाला आज तेथे हिरवळ दिसत नाही, आणि कापूसही नावापुरताच उरला आहे. हे नाव मूळचे फोर्टातील एका मोकळ्या पटांगणाचे. आज जेथे हॉर्निमन सर्कलचे गोल उद्यान आहे तेथे, सेंट थॉमस कॅथेड्रलसमोर, एके काळी रुईच्या गाठींचे डोंगर रचलेले असत. १८४४ साली हा बाजार कुलाब्यास हलला. पुढे १९२०च्या दशकात तो शिवडी-माझगावच्या भरावाच्या जमिनीवर आला आणि येताना आपले नाव बरोबर घेऊन आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि गोदामांच्या रांगा त्या काळाच्या साक्षीदार आहेत.

या बाजाराची एक रीत आपल्या अनेक घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाठीवर काय लिहिले आहे ते पारखी वाचत असे. पण सौदा त्यावर करीत नसे. गाठ फोडून मूठभर रुई काढावी, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ती ओढावी, तुटलेला धागा बोटांवर ठेवून त्याची लांबी पाहावी, रंग आणि कचरा उजेडात तपासावा, आणि मगच भाव बोलावा, असा तो शिरस्ता होता. कागद खोटे बोलू शकतो, रुई बोलत नाही, असा त्यामागचा हिशेब. जुन्या जपानी काचेच्या संग्राहकाला हाच शिरस्ता वेगळ्या वस्तूवर चालवावा लागतो. ही काच मुंबईला आली तीही याच बाजाराच्या वाटेने.

त्या वाटेचा आरंभ १८९३ साली झाला. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालाच्या वाहतुकीवर तोपर्यंत युरोपीय आगबोट कंपन्यांचा ताबा होता आणि नोरही त्यांच्या मर्जीचा होता. जमशेटजी टाटा त्या वर्षी जपानला गेले होते. निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी झाली आणि वर्ष संपण्यापूर्वी कोबे ते मुंबई अशी नवी आगबोट सेवा सुरू झाली. जपानच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. आपला आखूड धाग्याचा कापूस अमेरिकेच्या लांब धाग्यात मिसळून सूत काढण्याची कला जपानी गिरण्यांनी इतकी साधली की पुढील कित्येक वर्षे जपान हा आपल्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक ठरला. हा व्यवहार केवढा होता याची कल्पना १९३४च्या भारत-जपान व्यापार करारावरून येते. जपानने भारताकडून १० लाख गाठी घ्याव्यात आणि त्या बदल्यात ३२.५ कोटी वार जपानी कापड भारतात येऊ द्यावे, अशी त्यातील मूळ तोड होती. आदल्याच वर्षी जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला होता. त्या काही महिन्यांत मुंबईच्या कापूस बाजाराची झोप उडाली होती.

गाठी घेऊन गेलेल्या बोटी परतताना रिकाम्या येत नसत. कापडाबरोबर त्यांत खेळणी, काड्यापेट्या, चिनीमातीची भांडी आणि काचसामानही असे. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्याकडील काचेच्या बांगड्या मुख्यतः ऑस्ट्रियाहून येत. युद्धामुळे तो पुरवठा बंद पडला आणि ती जागा जपानने घेतली. मणी, अत्तराच्या कुप्या, दिव्यांच्या चिमण्या, फुलदाण्या, सरबताचे पेले असा माल पाठोपाठ आला. यातील बराच माल स्वस्त होता. 'जपानी माल' म्हणजे कचकड्याचा माल असा जो ग्रह तेव्हा बाजारात रुजला, तो पुष्कळ काळ टिकला. त्या ग्रहाखाली काही उत्तम, हाताने फुंकलेली काचही गाडली गेली आणि कोणी तिचे नाव विचारले नाही.

जपानी भाषेत काचेला जुना शब्द 'बिदोरो'. तो पोर्तुगीजांच्या 'विद्रो'वरून आला. ज्या खलाशी-व्यापाऱ्यांनी मराठीला बटाटा, पाव आणि साबण दिले, त्यांनीच जपानला काचेचे नाव दिले हे लक्षात घेतले की दोन्ही किनाऱ्यांमधील अंतर थोडे कमी वाटते. काच फुंकणे जपानमध्ये पुढे इतके घरगुती झाले की अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार उतामारो याने काचेची पिपाणीसारखी पातळ खेळणी फुंकणारी तरुणी आपल्या ठसाचित्रात रंगविली. हेच चित्र जपानी टपाल खात्याने १९५५ साली तिकिटावर छापले. ज्यांच्या घरी तिकिटांचे जुने संग्रह आहेत त्यांनी ते अवश्य शोधावे.

जपानी काचेच्या इतिहासातील सर्वांत हृद्य आणि सर्वांत दुःखद प्रकरण आहे सात्सुमा प्रांताचे. तेथील शिमाझू घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कागोशिमा येथे काचशाळा उभारली. स्वच्छ काचेवर तांब्यापासून मिळविलेल्या लाल रंगाच्या काचेचा जाड थर चढवायचा आणि मग त्यावर तिरके पैलू पाडायचे. थर जाड असल्यामुळे पैलूच्या कडेला रंग एकदम तुटत नाही. लालाचा गुलाबी, गुलाबीचा पारदर्शक होत जातो. शिमाझू नारिआकिरा या कर्त्या सरदाराचे १८५८ साली निधन झाले आणि कामाला उतरती कळा लागली. १८६३ साली इंग्रजी आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या, त्यात हे कारखाने जळाले. कारागीर पांगले आणि रंगाची कृती लोपली. १९८०च्या दशकात जुने नमुने समोर ठेवून ही काच पुन्हा करण्यात आली. सात्सुमाचे म्हणून जे काही आज विकायला येते ते जवळजवळ सर्व या पुनर्निर्मितीनंतरचे असते. अस्सल जुना नग मुंबईच्या जुन्या बाजारात मिळेल अशी आशा कोणी धरू नये, आणि कोणी तो दाखवीत असेल तर पाकीट खिशातच ठेवावे.

सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात येतात ते मेईजी आणि तैशो काळातील, म्हणजे ढोबळमानाने १८९० ते १९२५ या काळातील, बर्फाचे पेले. जपानी लोक उन्हाळ्यात बर्फाचा कीस पाक घालून खातात. आपल्या गोळ्याचाच तो भाऊबंद. त्यासाठी आखूड दांड्याचे, तोंडाशी फुलासारखे उमललेले पेले फुंकले जात. त्यांवर दुधी रंगाच्या रेघा, ठिपके किंवा चौकटी दिसतात, पण हा रंग वरून लावलेला नसतो. काचेतच असे द्रव्य मिसळलेले असते की ती निवून पुन्हा तापली की दुधी होते. नक्षीच्या साच्यात फुंकली असता तिचा उठावाचा भाग आधी निवतो. मग ती भट्टीच्या तोंडाशी धरली की नेमका तेवढाच भाग दुधाळतो आणि बाकीची काच पारदर्शक राहते. हा पेला उजेडात फिरवून पाहिला की कारागिराने तो किती क्षण आगीशी धरला असेल याचा अंदाज करता येतो. असे दोन पेले कधीही सारखे निघत नाहीत, आणि सारखे निघाले तर ते यंत्राचे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात येण्याजोगा एक प्रश्न आहे, त्याला बगल देणे बरोबर नव्हे. दुधी काच करण्यासाठी पूर्वी अनेक देशांत हाडांची राख वापरीत असत. बोन चायनाच्या भांड्यांबाबत जे ठाऊक आहे तेच येथेही. पुढे तिची जागा बऱ्याच ठिकाणी फ्लोराइडसारख्या खनिज द्रव्यांनी घेतली. जुना पेला पाहून त्यात काय घातले होते हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ज्यांच्या घरी या बाबतीत काटेकोर मर्यादा पाळली जाते त्यांनी दुधी काच टाळून स्वच्छ किंवा रंगीत पारदर्शक काचेकडे वळावे. तिथेही निवडीला तोटा नाही.

आधुनिक जपानी कलाकाचेची दोन नावे संग्राहकाने पाठ करावीत. इवाता तोशिचि (१८९३–१९८०) हे मूळ धातुकामाचे विद्यार्थी. त्यांनी १९३१ साली तोक्योत आपली काचशाळा काढली. त्यांच्या फुलदाण्या जाड, मुक्त हाताने फुंकलेल्या आणि किंचित कललेल्या. पुष्परचना आणि चहाविधी यांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या. कागामि कोझो (१८९६–१९८५) यांनी जर्मनीत स्टुटगार्ट येथे कोरीव काचेचे शिक्षण घेतले आणि १९३४ मध्ये बिल्लोरी काचेचा कारखाना सुरू केला. एकाची काच मऊ वाटते, दुसऱ्याची कडक. पुढच्या पिढीतील फुजिता क्योहेइ (१९२१–२००४) यांनी साच्यात फुंकलेल्या काचेत सोन्या-चांदीचे पातळ पत्रे आणि रंगीत कांड्या गुंतवून झाकणाच्या पेट्या केल्या. जुन्या लाखेच्या पेट्यांची आठवण करून देणाऱ्या या पेट्यांनी त्यांना जगभर नाव दिले आणि २००२ साली जपानचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मानही मिळवून दिला. बिल्लोरी काचेत शिसे असते. तिच्यात लोणचे किंवा लिंबाचे सरबत साठवून ठेवू नये, एवढे गृहिणींसाठी.

काच फुंकण्याची ही विद्या महाराष्ट्रातही एका जपानी धाग्याने बांधलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा जमवून देशी उद्योग उभारण्यासाठी 'पैसा फंड' काढला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. याच पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. त्याची घडी बसविणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातील तरुण काचविद्या शिकण्यासाठी आधी जपानला आणि तेथून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले होते. भट्टीपुढे उभे राहून देशी मुलांना फुंकनळी धरायला शिकविणे हा या कारखान्याचा अर्धा हेतू होता. तेथे तयार झालेली माणसे पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथील प्रभाकर कंदील मराठी घराघरांत पोहोचला. जपानच्या उत्तरेकडील ओतारु गावीही त्याच सुमारास आसाहारा नावाचे कारागीर दिव्यांच्या काचा फुंकीत होते, आणि १९१० पासून कोळ्यांच्या जाळ्यांसाठी काचेचे तरंगते गोळे करू लागले होते.

दोन्हीकडचा पुढचा प्रवास मात्र वेगळा झाला. आपल्या काच उद्योगाने १९३०च्या दशकात सरकारकडे आयात मालापासून संरक्षण मागितले. टॅरिफ बोर्डाने अनुकूल मत दिले. पण काचेला लागणारा सोडा अॅश देशात तयार होत नाही, हे कारण पुढे करून सरकारने १९३५ साली नकार दिला. जो माल त्यांना तोंड द्यायला होता त्यात जपानी काच मोठ्या प्रमाणावर होती. तेव्हा जपानी काच जमविणाऱ्या मराठी माणसाने कपाटात एक जुना ओगलेवाडीचा कंदील ठेवला तर तो शोभेलच. तिकडे जपानमध्ये १९७०च्या दशकात काचेच्या तरंगगोळ्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली. आओमोरी प्रांतातील होकुयो या कारखान्यात गोळे फुंकणाऱ्यांचे हात मोकळे झाले. त्या कारखान्याने त्याच हातांना पेले आणि फुलदाण्या फुंकायला लावल्या. १९७७ पासून तो माल 'त्सुगारु बिदोरो' या नावाने निघतो. कारागीर घरी बसले नाहीत. आपल्याकडे असे किती ठिकाणी घडले?

आता पारखीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते १९५२ या काळात निर्यातीच्या मालावर 'ताब्यातील जपान' या अर्थाचा इंग्रजी शिक्का असे, तो सापडला तर काळ पक्का होतो. पण काचेवर बहुधा शिक्का मारीत नसत. कागदाची चिकटपट्टी लावीत. घरातल्या पहिल्या धुण्यात ती निघून जाई. परिणामी १९५०-६०च्या दशकांतील जपानी फुलदाण्या आज जगभर 'इटलीच्या मुरानो बेटाची काच' म्हणून विकल्या जातात. थरावर थर चढविलेली, रंगात रंग बुडविलेली ती घडण दिसायला मुरानोसारखीच असते आणि मुरानोच्या नावाला भाव अधिक मिळतो. विकणारा दर वेळी लबाड असतो असे नाही. त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. तोटा दुहेरी होतो. घेणारा जास्त पैसे मोजतो आणि ज्याने फुंकले त्या कारागिराचा देशदेखील पुसला जातो.

म्हणून कागद सोडून काच वाचावी. भांडे उलटे करावे. फुंकलेले भांडे तळाशी सळईला चिकटवून त्याचे तोंड घडवितात. सळई तोडल्याची खडबडीत किंवा घासून गुळगुळीत केलेली वाटोळी खूण तेथे राहते. साच्यातून यंत्राने काढलेल्या भांड्याला ही खूण नसते, त्याऐवजी अंगावर दोन बाजूंना जोडाची बारीक रेघ असते. मात्र साच्यात तोंडाने फुंकलेल्या मालालाही ही रेघ असू शकते, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नये. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवावे. आगीत वळविलेली कड गोल आणि मऊ लागते. तुटलेला टवका घासून लपविला असेल तर कड सपाट लागते आणि भांडे किंचित बुटके दिसते. तळावरील ओरखडे पाहावेत. वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे सर्व दिशांना आणि फक्त टेकणाऱ्या भागावर असतात. कागदाने घासून जुनेपणा आणला असेल तर ते एकाच दिशेने जातात. काचेतील बुडबुडे हा हाताच्या कामाचा पुरावा मानला जातो, पण मुद्दाम बुडबुडे घातलेली नवी काच बाजारात भरपूर आहे. वजन, जाडीतील फरक, रंगाचा उतार हे सर्व एकत्र पाहून मत बनवावे. यात चूक होते. मोठमोठ्या संग्राहकांची झाली आहे. पहिली दोन-तीन वर्षे स्वस्तातले नग घेऊन हात बसविणे आणि चोर बाजारात विकत घेण्यापेक्षा हाताळण्यात अधिक वेळ घालविणे, हाच मार्ग सुरक्षित. फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील जपानी वस्तू आहेत. त्या काळच्या जपानी हाताची सवय डोळ्यांना लावून घ्यायला ते उत्तम ठिकाण आहे.

गुंतवणूक म्हणून हा छंद करू नये. सोन्यावर कर्ज मिळते, काचेवर मिळत नाही. घरकामात एक धक्का लागला की भांडवल केरात जाते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठविण्यावर १९७२च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत, हेही ध्यानात असावे. परदेशी असलेल्या लेकीला आजीचा तैशोकालीन पेला सामानात घालून देण्यापूर्वी जाणकारास विचारलेले बरे.

मुंबईची हवा काचेची शत्रू आहे. पावसाळ्यात बंद पेटीतील काही जुन्या काचेवर बारीक ओल सुटते, पुढे ती धुरकट होते आणि मग कशानेही स्वच्छ होत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवणे वाईट. कापसात ठेवणे त्याहून वाईट, कारण कापूस ओल धरून ठेवतो. कापसाच्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. उघड्या, हवेशीर कपाटात, एकमेकांना न टेकता ठेवावी. धुताना पाणी कोमट असावे आणि भांड्यात टॉवेल अंथरावा. गरम पाण्याखाली थंड काच धरू नये. जुनी चिकटपट्टी शिल्लक असेल तर तो भाग मुळीच भिजवू नये.

गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या इमारती आज पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. दिवाणखान्यातील शिसवी शोकेस नव्या घरात मावत नाही, तेव्हा ती आतल्या सामानासकट भंगारवाल्याकडे जाते. आजोबांचा कापसाचा धंदा होता, कोबेच्या व्यापाऱ्यांशी त्यांचा व्यवहार होता, एका दिवाळीला तिकडून भेटीची पेटी आली होती, असे काही घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर शोकेस उचलण्याआधी त्यांना तिच्यापुढे बसवावे. कोणता नग कोठून आला, कोणी दिला, साधारण कोणत्या साली, हे त्यांच्या शब्दांत एका वहीत उतरून घ्यावे. प्रत्येक नगाचा उजेडात एक आणि तळाचा एक असा फोटो काढावा आणि वहीतला क्रमांक पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती नगाच्या आत ठेवावी. चिठ्ठीला डिंक लावू नये.